२०१५–१६ ची जागतिक रग्बी सेव्हन्स मालिका

पुरुषांच्या सात खेळाडूंच्या रग्बीची जागतिक मालिका १९९९–२००० पासून दरवर्षी खेळली जाते. २०१५–१६ हा तिचा सतरावा हंगाम. तो डिसेंबर २०१५ मध्ये दुबईत सुरू झाला आणि मे २०१६ मध्ये लंडनमध्ये संपला. या अवधीत दहा शहरांत दहा स्पर्धा झाल्या आणि त्यांतील गुणांच्या बेरजेवर फिजीचा संघ १८१ गुणांसह विजेता ठरला. दक्षिण आफ्रिकेला १७१ गुणांसह दुसरे, तर न्यूझीलंडला १५८ गुणांसह तिसरे स्थान मिळाले. मागच्या हंगामाचे विजेतेपदही फिजीकडेच होते. मालिका लागोपाठ दोनदा जिंकण्याची फिजीची ही पहिलीच वेळ होती. हंगाम संपल्यानंतर तीन महिन्यांच्या आतच रिओ दी जानेरो येथील ऑलिंपिकमध्ये सेव्हन्सचे पदार्पण व्हायचे असल्याने प्रत्येक संघाचा एक डोळा गुणतक्त्यावर आणि दुसरा रिओवर होता.

सेव्हन्सचे मैदान पंधरा खेळाडूंच्या रग्बीएवढेच असते, मात्र प्रत्येक बाजूला सातच खेळाडू असतात आणि सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांत संपतो. मैदान मोठे आणि माणसे थोडी, त्यामुळे एक पकड चुकली तरी समोर पन्नास-साठ मीटर मोकळी जागा पडते. स्क्रममध्ये, म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघ वाकून एकमेकांना रेटतात तेव्हा, दोन्ही बाजूंचे तीन-तीन खेळाडूच भिडतात. ट्रायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवण्याचे, पाच गुण आणि त्यानंतरच्या कन्व्हर्जनचे, म्हणजे चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारण्याचे, दोन गुण मिळतात. कन्व्हर्जनसाठी चेंडू जमिनीवर ठेवून मारता येत नाही, तो हातातून सोडून टप्पा पडताच मारावा लागतो. पंधरांच्या रग्बीत गुण खाल्लेला संघ खेळ पुन्हा सुरू करतो. सेव्हन्समध्ये उलट, गुण मिळवलेला संघच चेंडू उडवतो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला तो परत मिळवण्याची संधी लगेच लाभते. काही मिनिटांत सामना उलटतो तो बऱ्याच अंशी या एका नियमामुळे. पिवळे कार्ड मिळालेला खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो. पंधरांच्या खेळात दहा मिनिटांची शिक्षा निभावून नेता येते. येथे चौदा मिनिटांतली दोन मिनिटे सहा जणांनी काढणे फार महागात पडते.

या हंगामात पंधरा कायम, म्हणजे प्रत्येक स्पर्धेत खेळणारे, संघ होते: फिजी, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, स्कॉटलंड, अर्जेंटिना, कॅनडा, सामोआ, फ्रान्स, वेल्स, केनिया, पोर्तुगाल आणि रशिया. प्रत्येक स्पर्धेत सोळावा संघ निमंत्रित असे. सोळा संघांचे चार गट पाडून साखळी सामने होत. त्यांत विजयाला तीन, बरोबरीला दोन आणि पराभवालाही एक गुण होता. गटातील पहिले दोन संघ मुख्य चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत जात. प्लेट, बोल आणि शील्ड ही मुख्य चषकाखालची बक्षिसे: उपांत्यपूर्व फेरीत हरलेले प्लेटसाठी खेळत, गटात तळाचे दोन राहिलेले बोलसाठी आणि बोलच्या पहिल्या फेरीत हरलेले शील्डसाठी. म्हणजे दोन-तीन दिवसांत कोणताही संघ रिकामा बसत नसे. स्पर्धा जिंकणाऱ्याला मालिकेचे २२ गुण, उपविजेत्याला १९, तिसऱ्याला १७, चौथ्याला १५, प्लेट जिंकणाऱ्याला १३ आणि तिच्या उपविजेत्याला १२ गुण मिळत. उपांत्यपूर्व फेरी गाठली की किमान दहा गुण पदरात पडत, तर बोल जिंकूनही आठच मिळत. साखळीतला एक निसटता पराभव केवढा नडतो ते या उतरत्या शिडीवरून दिसते.

वेळापत्रकात मोठी उलथापालथ झाली होती. ग्लासगो आणि टोकियो वगळले गेले, ऑस्ट्रेलियातील स्पर्धा गोल्ड कोस्टहून सिडनीला आणि दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथहून केप टाऊनला हलली, व्हँकुव्हर प्रथमच यजमान झाले, तर सिंगापूर आणि पॅरिस दशकभराच्या खंडानंतर परतले. दुबई, वेलिंग्टन, लास वेगास, हाँगकाँग आणि लंडन ही जुनी ठिकाणे कायम राहिली. स्पर्धा जोडीजोडीने लागोपाठच्या दोन आठवड्यांत ठेवल्या होत्या: दुबईमागून केप टाऊन, वेलिंग्टनमागून सिडनी, लास वेगासमागून व्हँकुव्हर, हाँगकाँगमागून सिंगापूर आणि पॅरिसमागून लंडन. बारा जणांच्या चमूला एका शहरात दोन-तीन दिवसांत पाच-सहा सामने खेळून, विमान गाठून, पुढच्या शनिवारी दुसऱ्या शहरात पुन्हा तेच करावे लागे. दुसऱ्या शहरात दमछाक झालेले संघ ओळखू येत.

दुबईत फिजीने इंग्लंडला २८–१७ असे हरवून सुरुवात केली. पुढच्याच आठवड्यात दक्षिण आफ्रिकेने केप टाऊनच्या घरच्या प्रेक्षकांसमोर अर्जेंटिनाला २९–१४ असे नमवले. हंगामातले त्यांचे हे एकमेव स्पर्धाविजेतेपद ठरले. जानेवारीच्या अखेरीस वेलिंग्टनमध्ये सर्वांचे लक्ष सनी बिल विल्यम्सकडे होते. पंधरांच्या रग्बीत दोन विश्वचषक जिंकलेला हा खेळाडू ऑलिंपिकसाठी सेव्हन्सकडे वळला होता आणि येथे तो न्यूझीलंडकडून प्रथमच सेव्हन्स खेळला. अंतिम सामना मात्र अखेरच्या क्षणी जो वेबरने केलेल्या ट्रायवर सुटला. न्यूझीलंडने दक्षिण आफ्रिकेला २४–२१ असे हरवले. सिडनीत न्यूझीलंडनेच ऑस्ट्रेलियावर २७–२४ असा विजय मिळवला.

२० फेब्रुवारी २०१६ रोजी विन्स्टन हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ फिजीवर आदळले. दक्षिण गोलार्धात जमिनीवर आलेल्या नोंद झालेल्या वादळांत हे सर्वांत तीव्र मानले जाते. त्यात ४४ माणसे दगावली आणि गावेच्या गावे उघड्यावर आली. त्यानंतर दोनच आठवड्यांत फिजीचा संघ लास वेगासला उतरला. तेथील अंतिम सामन्यात मध्यंतराला ऑस्ट्रेलिया १५–० ने पुढे होता. उत्तरार्धात फिजीने सलग २१ गुण केले आणि सामना २१–१५ असा जिंकला. हे आकडे जरा उलगडून पाहण्यासारखे आहेत. दोन्ही संघांनी तीन-तीन ट्राय केले. ऑस्ट्रेलियाला एकाही ट्रायनंतर कन्व्हर्जन साधले नाही, फिजीने तिन्ही साधले. वळणदार पास आणि मोकळ्या धावा यांसाठी नावाजलेल्या संघाला हे विजेतेपद मिळाले ते अचूक लाथेमुळे.

व्हँकुव्हरच्या पहिल्यावहिल्या स्पर्धेत न्यूझीलंडने दक्षिण आफ्रिकेला १९–१४ असे मागे टाकले आणि आपले तिसरे विजेतेपद मिळवले. एप्रिलमध्ये हाँगकाँगला फिजीने त्याच न्यूझीलंडला २१–७ असे हरवून बरोबरी साधली. फिजीत हाँगकाँगच्या चषकाचे मोल मालिकेच्या विजेतेपदाइतकेच मानले जाते, काहींच्या मते त्याहून कांकणभर अधिकच. येथपर्यंतच्या सात स्पर्धा तीन संघांनीच वाटून घेतल्या होत्या आणि उरलेल्या तीनही त्यांच्याकडेच जातील असे कोणालाही वाटले असते.

प्रत्यक्षात उरलेल्या तीन स्पर्धा तीन वेगळ्याच संघांनी जिंकल्या. १७ एप्रिलला सिंगापूरच्या नॅशनल स्टेडियमवर केनियाने अंतिम सामन्यात फिजीचा ३०–७ असा धुव्वा उडवला. केनियाने २००९ मध्ये ॲडलेडला आणि २०१३ मध्ये वेलिंग्टनला अंतिम फेरी गाठून हार पत्करली होती. मालिकेतील स्पर्धा जिंकण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. संघाचे प्रशिक्षक बेंजामिन आयिम्बा आणि कर्णधार अँड्र्यू आमोंडे होते, तर कॉलिन्स इंजेरा आणि हम्फ्री कयांगे हे सख्खे भाऊ एकत्र खेळत होते. मे महिन्यात पॅरिसला सामोआने पहिल्या डावातली मोठी पिछाडी भरून काढत फिजीला २९–२६ असे हरवले. सामोआच्या वाट्याला आलेले नशीब मात्र विचित्र होते: महिन्याभराने मोनॅको येथे झालेल्या अखेरच्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत, मालिकेच्या कायम संघांत नसलेल्या स्पेनने त्यांना २२–१९ असे हरवले आणि पॅरिसच्या विजेत्यांना रिओची दारे बंद झाली.

शेवटची स्पर्धा २१ आणि २२ मे रोजी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर झाली. सेव्हन्सचा जन्म १८८३ मध्ये स्कॉटलंडमधील मेलरोझ या गावी झाला. गावच्या क्लबला पैसे उभे करायचे होते आणि नेड हेग या तेथील खाटकाने थोड्या खेळाडूंच्या छोट्या सामन्यांची कल्पना मांडली. इतके असूनही मालिका सुरू झाल्यापासून स्कॉटलंडला तिच्यातील एकही स्पर्धा जिंकता आली नव्हती. लंडनच्या अंतिम सामन्यातही शेवटची दोनेक मिनिटे उरली असताना दक्षिण आफ्रिका २६–१५ अशी पुढे होती. त्या थोडक्या वेळात डगी फाइफने लागोपाठ दोन ट्राय केले आणि स्कॉटलंड २७–२६ असे जिंकले. त्याच स्पर्धेत केनियाच्या इंजेराने अर्जेंटिनाच्या सांतियागो गोमेस कोरा याचा मालिकेतील सर्वाधिक २३० ट्रायचा विक्रम मोडला. फिजीचे विजेतेपदही लंडनमध्येच पक्के झाले. वरच्या गोंधळात त्याकडे थोडे दुर्लक्षच झाले.

फिजी आणि न्यूझीलंड या दोघांनीही तीन-तीन स्पर्धा जिंकल्या, मग दोघांत २३ गुणांचे अंतर कसे पडले? विजेतेपदांचे ६६ गुण दोघांच्या नावावर सारखेच होते. उरलेल्या सात स्पर्धांत फिजीने ११५ गुण जमवले, म्हणजे सरासरी सोळाच्या वर, तर न्यूझीलंडने ९२, म्हणजे जेमतेम तेरा. न्यूझीलंड जिंकत नसे तेव्हा साधारण प्लेट जिंकणाऱ्या संघाइतके कमवी. फिजी जिंकत नसे तेव्हाही उपांत्य फेरीच्या आसपास टिकून असे. दक्षिण आफ्रिकेने तर एकच स्पर्धा जिंकली, पण इतर नऊ स्पर्धांत १४९ गुण, म्हणजे सरासरी साडेसोळाहून अधिक, जमवून न्यूझीलंडला मागे टाकले. गुणतक्त्याने चमकीपेक्षा सातत्याला दिलेला हा कौल वाजवीच होता. दक्षिण आफ्रिकेच्या सीबेलो सेनाटलाने हंगामात सर्वाधिक ६६ ट्राय केले आणि २०१६ चा सर्वोत्तम सेव्हन्सपटू म्हणूनही त्याचीच निवड झाली.

तक्त्याच्या तळाला राहिलेल्या पोर्तुगालने कायम संघाचे स्थान गमावले. हाँगकाँगच्या स्पर्धेबरोबरच झालेल्या पात्रता स्पर्धेत यजमान हाँगकाँगला २४–१० असे हरवून जपानने ती जागा पुढच्या हंगामासाठी मिळवली.

महिलांची मालिका याच काळात स्वतंत्रपणे झाली. तिच्यात दुबई, साओ पाउलो, अटलांटा, लँगफर्ड आणि क्लेरमाँ-फेराँ अशा पाचच स्पर्धा होत्या. पहिल्या तीन ऑस्ट्रेलियाने, चौथी इंग्लंडने आणि पाचवी कॅनडाने जिंकली. ऑस्ट्रेलिया ९४ गुणांसह प्रथमच विजेता ठरला. त्याआधीच्या तिन्ही महिला मालिका न्यूझीलंडने जिंकल्या होत्या. रिओतील अंतिम सामन्यातही ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला २४–१७ असे हरवून सुवर्णपदक मिळवले.

पुरुषांच्या गटात रिओने मालिकेतील चढउतार पुन्हा दाखवले. न्यूझीलंड पहिल्याच सामन्यात जपानकडून १४–१२ असा हरला, त्याच सामन्यात सनी बिल विल्यम्स जायबंदी झाला आणि उपांत्यपूर्व फेरीत फिजीने त्यांना १२–७ असे बाहेर काढले. दक्षिण आफ्रिकेने कांस्यपदक मिळवले. लंडनच्या विजयात सहभागी असलेल्या मार्क रॉबर्टसनला ग्रेट ब्रिटनच्या संघातून रौप्यपदक मिळाले, कारण ऑलिंपिकमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स वेगवेगळे उतरत नाहीत. ११ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात फिजीने ग्रेट ब्रिटनला ४३–७ असे हरवले. कोणत्याही खेळातले फिजीचे हे पहिले ऑलिंपिक पदक होते. पुढच्या वर्षी फिजीच्या रिझर्व्ह बँकेने या संघाच्या गौरवार्थ सात डॉलरची नोट काढली; तिच्यावर कर्णधार ओसेया कोलिनिसाऊ आणि संघाचे इंग्लिश प्रशिक्षक बेन रायन यांची चित्रे आहेत.