व्हर्च्युअल प्रोसेसरला इंटरप्ट कसा मिळतो: पार्श्वभूमी

व्हर्च्युअल प्रोसेसर (व्हीसीपीयू) म्हणजे होस्टच्या, म्हणजे खऱ्या मशीनच्या, लेखी एक थ्रेड आणि मेमरीतली काही पानं. नेटवर्क कार्डाने किंवा टायमरने त्याच्यासाठी इंटरप्ट ('हातातलं थांबवून इकडे बघ' असा इशारा) उठवला की तीन प्रश्न उभे राहतात. गेस्ट (व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) आत्ता इंटरप्ट घेण्याच्या स्थितीत आहे का? नसेल तर कधी होईल? आणि काम उरकल्याचं तो सांगेल, ते ऐकायचं कुणी? इंटेल-एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरवर ही तिन्ही कामं हळूहळू सॉफ्टवेअरकडून चिपकडे गेली. ती कोणत्या क्रमाने गेली हे ठाऊक असलं की केव्हीएमचा, म्हणजे लिनक्समधल्या हायपरवायजरचा (गेस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा), आजचा कोड वाचणं पुष्कळ सोपं जातं.

१९९९ मध्ये व्हीएमवेअरचं वर्कस्टेशन आलं तेव्हा प्रोसेसरची काहीच मदत नव्हती. गेस्ट कर्नलचा कोड बायनरी ट्रान्सलेशनने बदलून चालवायचा आणि इंटरप्ट फ्लॅगची (इंटरप्ट घ्यायचे की रोखायचे ते सांगणाऱ्या बिटाची) नक्कल मेमरीत सांभाळायची. २००३ मध्ये केंब्रिजच्या झेन या हायपरवायजरने कर्नलच बदलून घेतला: इंटरप्टच्या जागी इव्हेंट चॅनेल, म्हणजे सामायिक पानावरचा एक बिट आणि एक कॉलबॅक. वेग चांगला मिळाला, पण विंडोजचा कर्नल असा बदलून मिळणार नव्हता.

चिपमधूनच मदत देणारं इंटेलचं व्हीटी-एक्स २००५च्या अखेरीस आलं, एएमडीचं उत्तर २००६ मध्ये. इंटेलच्या व्हीएमसीएसमध्ये (व्हीसीपीयूची स्थिती ठेवणाऱ्या रचनेत) ३२ बिटांचं एक फील्ड आहे: खालच्या ८ बिटांत व्हेक्टर (इंटरप्टचा क्रमांक), पुढच्या ३ बिटांत प्रकार, ३१वा बिट 'हे खरं आहे' असं सांगणारा. ते भरून एंट्री (गेस्टमध्ये प्रवेश) केली की गेस्ट थेट स्वतःच्या हँडलरमध्ये उतरतो. गेस्टने इंटरप्ट बंद ठेवले असतील तर 'इंटरप्ट विंडो' एक्झिट (गेस्टमधून बाहेर पडणं) मागून ठेवायचा. खिडकी उघडताक्षणी प्रोसेसर हायपरवायजरकडे परत येतो.

यात एक जागा फार नाजूक आहे. लिनक्सचा रिकामा प्रोसेसर झोपताना 'एसटीआय' (इंटरप्ट चालू करणारी इन्स्ट्रक्शन) आणि लगेच 'एचएलटी' (पुढच्या इंटरप्टपर्यंत थांबवणारी) चालवतो. एसटीआयनंतरची एक इन्स्ट्रक्शन पार पडेपर्यंत इंटरप्ट रोखलेले असतात, त्यामुळे दोघींच्या मध्ये काही शिरत नाही. ही रोख व्हीएमसीएसमध्ये वेगळी नोंदलेली असते. हायपरवायजरने एसटीआय स्वतः एम्युलेट केली आणि ती नोंद करायची राहिली, तर इंटरप्ट नेमका त्या फटीत घुसतो. हँडलर काम उभं करून परततो, आणि गेस्ट ते तसंच ठेवून एचएलटीवर झोपतो. पुढचा इंटरप्ट येईपर्यंत सगळं थंड.

दुसरी चूक रीइंजेक्शनची. इंटरप्ट देतानाच गेस्टच्या स्टॅकचं पान गैरहजर निघालं तर डिलिव्हरी अर्धवट राहून एक्झिट होतो. कोणता इंटरप्ट अडकला हे 'आयडीटी-व्हेक्टरिंग' फील्डमध्ये मिळतं, आणि पुढच्या एंट्रीला तो पुन्हा भरावा लागतो. हे विसरलं तर इंटरप्ट कायमचा हरवतो, डिस्कची एखादी विनंती लटकते, आणि मेमरीवर ताण असतानाच दिसणारा हा दोष शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो.

अचूकपणा साधल्यावर खर्च बोचू लागला. सुरुवातीच्या चिपवर एका एक्झिटला जाऊन-येऊन काही हजार सायकल लागत. ३२-बिट विंडोज एक्सपी प्राधान्याचा टीपीआर रजिस्टर सेकंदाला हजारो वेळा लिहायचा, आणि दर वेळी एक्झिट. इंटेलने त्यासाठी फ्लेक्सप्रायॉरिटी आणलं. केव्हीएमने तर गेस्टच्या त्या इन्स्ट्रक्शनच चालू असताना पॅच केल्या. राहिला ईओआय (काम उरकल्याची गेस्टची खूण), दर इंटरप्टमागे एक हमखास एक्झिट.

तो २०१३च्या झिऑन ई५ व्ही२वर सुटला. त्यातल्या एपिकव्ही या सोयीमध्ये गेस्टच्या एपिकचं (इंटरप्ट कंट्रोलरचं) पान प्रोसेसर स्वतःच वाचतो-लिहितो, प्राधान्य तोच ठरवतो, आणि २५६ बिटांच्या नकाशात ज्या व्हेक्टरचा बिट लावलेला असेल त्याच्याच ईओआयवर एक्झिट होतो. लेव्हल-ट्रिगर्ड (उपकरणाने लाइन धरून ठेवलेली असेपर्यंत टिकणारे) व्हेक्टर तिथे लावावेच लागतात, नाहीतर आयओ-एपिकला (उपकरणांच्या लाइन सांभाळणाऱ्या कंट्रोलरला) काम संपल्याचं कळत नाही आणि ती लाइन अडकून बसते.

त्याच पिढीतला पोस्टेड इंटरप्ट मला सगळ्यांत सुंदर वाटतो. ६४ बाइटचा डिस्क्रिप्टर, त्यात २५६ व्हेक्टरचे बिट आणि एक 'ऑन' बिट. पाठवणारा आधी व्हेक्टरचा बिट लावतो, मग ऑन. ऑन आधीच लागलेला नसेल तरच नोटिफिकेशन (एक ठरावीक इंटरप्ट) पाठवतो. गेस्ट चालू असेल तर प्रोसेसर एक्झिटशिवाय ते बिट उचलतो. हायपरवायजरने मात्र एंट्रीपूर्वी होस्टचे इंटरप्ट बंद करून, मगच डिस्क्रिप्टर तपासायचा. तपासणीनंतर आलेलं नोटिफिकेशन तसंच थांबून राहतं आणि एंट्री झाल्यावर घेतलं जातं. क्रम उलटा केला तर नोटिफिकेशन होस्टच्याच हँडलरमध्ये जिरतं.

पुढे व्हीटी-डी या इंटेलच्या उपकरणांसाठीच्या सोयीने प्रत्यक्ष उपकरणांनाही याच डिस्क्रिप्टरमध्ये लिहू दिलं. तिथे झोपलेल्या व्हीसीपीयूसाठी वेगळा वेक-अप व्हेक्टर लावावा लागतो, आणि व्हीसीपीयू दुसऱ्या कोअरवर गेला की पत्ता बदलावा लागतो.

एएमडीच्या एव्हिकला (एपिकव्हीसारख्याच सोयीला) केव्हीएममध्ये २०१६ साली आधार मिळाला. पण त्यात व्हेक्टरनिहाय ईओआयचा नकाशा नाही, आणि एज-ट्रिगर्ड (लाइन बदलताक्षणी एकदाच उठणाऱ्या) इंटरप्टचा ईओआय हायपरवायजरला दिसतच नाही. म्हणून जुन्या पीआयटी टायमरचे हुकलेले टिक पुन्हा देण्याची सोय चालू असेल तर केव्हीएम एव्हिक बंद ठेवतं. एव्हिक हवं असेल तर क्यूईएमयूमध्ये (केव्हीएमसोबत व्हर्च्युअल मशीन उभं करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पीआयटीचं लॉस्ट टिक धोरण 'डिस्कार्ड'वर ठेवावं.