खुलासा : मुंबईची एशियाटिक विल्यम जोन्सची नव्हे

कोल्हापुरात बिंदू चौकातल्या वहीच्या दुकानापासून राजारामपुरीतल्या अभ्यासिकांपर्यंत स्पर्धा परीक्षेच्या झेरॉक्स नोट्समध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय : 'मुंबईची एशियाटिक सोसायटी सर विल्यम जोन्सने स्थापन केली.' पोरं तेच घोकतात.

जोन्सने १५ जानेवारी १७८४ रोजी आशियाचा इतिहास, भाषा, विद्या अभ्यासणारी एशियाटिक सोसायटी काढली ती कलकत्त्यात. १७९४ मध्ये तो तिथेच वारला. मुंबईची संस्था त्यानंतर दहा वर्षांनी, २६ नोव्हेंबर १८०४ रोजी, परळच्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये जन्माला आली. म्हणजे मेलेला माणूस संस्थापक! खरा संस्थापक सर जेम्स मॅकिन्टॉश आणि संस्थेचं मूळ नाव 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे'. जोन्स न्यायाधीश, मॅकिन्टॉशही मुंबईचा रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीशच. घोळ बहुधा इथंच झाला असावा.

'एशियाटिक' हे नाव मागाहून आलं. लंडनमध्ये १८२३ साली संस्कृतचे अभ्यासक हेन्री कोलब्रुक यांच्या पुढाकारानं रॉयल एशियाटिक सोसायटी निघाली आणि मुंबईची संस्था तिची शाखा बनली. आज ही संस्था जिथं आहे, तो पायऱ्यांच्या फोटोसाठी प्रसिद्ध असलेला टाउन हॉल तर १८३३ मध्ये पुरा झाला.

आणि हो, सुरुवातीला हा सगळा साहेबांचाच कारभार होता. काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय अध्यक्ष झाले, तेव्हा १८९२ उजाडलं होतं. नोट्समध्ये हे मात्र कुणी छापत नाही.