दोघांच्या वादात तिसरी प्रत

जळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचे प्रकल्प पाहण्यासाठी गेलो असता, एका गटाच्या पेनड्राइव्हवर ‘पावती-फायनल’, ‘पावती-फायनल-२’ आणि ‘पावती-खरंच-फायनल’ अशा तीन फायली आढळल्या. केळी खरेदीची पावती तयार करणारा तो प्रोग्राम चोपड्याच्या मुलाने आणि अमळनेरच्या मुलीने सुट्टीत आपापल्या घरी दुरुस्त केला होता. फायलींतील बदलांचा इतिहास ठेवणारे गिट हे साधन का वापरले नाही, असे विचारल्यावर उत्तर आले, “सर, मर्ज करताना, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना, ते कोणाचं तरी काम उडवतं.” हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

लिनक्स या संगणक-प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले, कारण लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, वापरात असलेल्या ‘बिटकीपर’ या अशाच साधनाची फुकट वापराची सवलत काढून घेण्यात आली होती. ‘क्लोन’ केल्यावर प्रत्येकाला प्रकल्पाचा सगळा इतिहास मिळतो, ‘कमिट’ केल्यावर त्या क्षणाची नोंद होते, ‘पुश’ने आपल्या नोंदी सामायिक ठिकाणी जातात आणि ‘पुल’ने इतरांच्या नोंदी येऊन आपल्या कामात मिसळल्या जातात. खरी गंमत या मिसळण्यात आहे.

मुलाच्या फाइलमध्ये वजनातील घट ३ टक्के आहे आणि मुलीच्या फाइलमध्ये २ टक्के. त्याने २ चे ३ केले की तिने ३ चे २ केले, हे या दोन फायली कितीही वेळ शेजारी ठेवून पाहिल्या तरी कळणार नाही. म्हणून गिट तिसरी प्रत शोधते. प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटची ओळख, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ४० चिन्हांचा ठसा, लिहिलेली असते. त्यामुळे भाटाच्या वहीत दोन गावांतल्या घराण्यांचा समाईक मूळपुरुष सापडावा, तसे मागे मागे जात दोन्ही शाखांचा, म्हणजे दोघांच्या कमिटच्या वेगळ्या साखळ्यांचा, सर्वांत जवळचा समाईक पूर्वज गाठता येतो. पूर्वजात २ टक्के असतील, तर बदल मुलाने केला हे उघड आहे आणि ३ टक्के मान्य होतात. पूर्वजात ५ टक्के असतील, तर दोघांनीही ओळ बदललेली आहे. अशा वेळी गिट कोणाचीही बाजू न घेता खुणा घालून दोन्ही मजकूर एकाखाली एक ठेवते आणि निवड माणसावर सोपवते. यालाच ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात. दोघांनी लागून असलेल्या दोन ओळी बदलल्या, तरीही तो उद्भवतो. शाखा आधी एकमेकींत आडव्या-तिडव्या मिसळल्या असतील, तर जवळचे समाईक पूर्वज एकाहून अधिक निघतात. मग गिट त्या पूर्वजांचेच आधी मर्ज करून एक काल्पनिक पूर्वज तयार करते आणि त्याच्याशी तुलना करते. मला स्वतःला ही युक्ती सर्वांत देखणी वाटते.

त्या प्रयोगशाळेतील एका संगणकाला लिंबू-मिरची बांधलेली होती. दसऱ्याला यंत्राला झेंडूची माळ घालण्यास माझी हरकत नाही. पण कमिट न केलेली फाइल पुसली गेली, तर ती लिंबामुळे परत येत नाही.

त्याच दुपारी दोघांकडून सगळे काम गिटमध्ये करून घेतले. मुलीने एका फाइलमध्ये वजन किलोऐवजी क्विंटलमध्ये साठवायला सुरुवात केली होती, तर मुलाने दुसऱ्या फाइलमध्ये किलोमागे ५० पैसे हमालीचा हिशोब नव्याने घातला होता. दोघांनी एकमेकांच्या ओळींना हात लावलेला नसल्याने मर्ज एकही कॉन्फ्लिक्ट न येता पार पडले आणि १२ क्विंटल केळीची हमाली ६०० रुपयांऐवजी ६ रुपये छापली गेली.