शेतकऱ्याचं सर्टिफिकेट तुमच्या पाकिटाला का चालत नाही?

(सेंद्रिय डाळ, हळद, तिखट विकणारे बचत गट, गृहउद्योग आणि लहान युनिट यांच्यासाठी)

नवी तूर निघाली, मागून हळद निघाली, की सेंद्रिय प्रमाणपत्राची फाइल बांधून देणाऱ्या आमच्याकडे एकाच प्रश्नाची रीघ लागते. "माल सेंद्रिय शेतकऱ्याकडून घेतला. त्याच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स सोबत आहे. मग आमच्या पाकिटावर 'जैविक भारत'चा (प्रमाणित सेंद्रिय मालाचा सरकारी) लोगो का लावता येत नाही?" तोवर डाळ भरडून झालेली असते, काहींची पाकिटंही छापून आलेली असतात. अशी फाइल आम्हाला परत द्यावी लागते आणि चांगला माल साध्या भावात जातो. ते टळावं म्हणून हे पत्रक.

मुख्य गोष्ट आधी. शेतकऱ्याकडे असतं ते प्रमाणपत्र त्याच्या शेताचं आणि पिकाचं. तुम्ही उचललेली पोती त्याच शेतातली आहेत, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी वेगळा कागद लागतो, ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट. आपल्याकडे सगळे त्याला टीसी म्हणतात. विकणारा कोण, घेणारा कोण, माल कोणता, लॉट कोणता, वजन किती, बिल कोणतं, हे सगळं टीसीवर असतं. विकणाऱ्याने आपल्या प्रमाणन संस्थेकडे अर्ज करायचा, संस्था अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं काम बघणारी केंद्राची संस्था) ट्रेसनेट या ऑनलाइन प्रणालीतून टीसी काढते आणि तेवढं वजन विकणाऱ्याच्या शिलकीतून वजा होतं. शंभर क्विंटलचं प्रमाणपत्र दाखवून कुणी तीनशे क्विंटल विकू नये, म्हणून ही व्यवस्था आहे.

सगळ्यात जास्त घोळ गटाच्या बाबतीत होतो. आपल्या भागात बहुतेक शेतकरी गटातून प्रमाणित होतात. एका गटात किमान 25 आणि जास्तीत जास्त 500 सभासद असतात. हे प्रमाणपत्र गटाच्या नावाचं असतं. एखाद्या सभासदाने गटाला बाजूला ठेवून बांधावरच तुम्हाला तूर दिली, तर ती तूर कागदावर साधीच. शेतकरी खोटं बोलत नसतो, त्याने खरोखर काही फवारलेलं नसतं. पण दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपल्याला कर्ज मिळत नाही, तसंच हे आहे. म्हणून सौदा गटाशी करा, बिल गटाच्या नावाचं घ्या आणि टीसीचं बोलणं पैसे देण्याआधी करा. पैसे हातात पडले की अर्ज करायला कुणाला सवड नसते, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. गटाचे अध्यक्ष किंवा सचिव यांच्याशी बोलायला अवघड वाटत असेल तर आम्ही बोलतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

दुसरी अट तुमच्या युनिटची. माल भरडणारी, दळणारी आणि भरणारी जागाही प्रमाणित लागते. भरडाई गावातल्या दाल मिलवर करून घेत असाल तर ती मिलही तपासणीत येते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल अनेक गटांकडे आहे. ती चालते, काही अडचण नाही. मात्र त्याच मिलवर गावाची साधी तूरही भरडली जात असेल तर सेंद्रिय लॉटआधी मशीन झाडून घ्यावी लागते, सुरुवातीला थोडी सेंद्रिय तूर फिरवून ती डाळ साध्या मालात टाकावी लागते आणि तारीख, वेळ, कुणी साफ केलं याची नोंद करावी लागते. निरीक्षक हे रजिस्टर मागतोच. गोदामात किडीसाठी ठेवलेल्या गोळ्या दिसल्या तर पुढचं बोलणंच थांबतं, मग त्या बाजूच्या गव्हाच्या पोत्यासाठी का असेनात.

निरीक्षक वजनाचा मेळही घालतो. दहा क्विंटल तुरीची टीसी असेल तर साधारण सात ते साडेसात क्विंटल डाळ निघते, बाकी चुनी आणि टरफल. विक्रीच्या वहीत नऊ क्विंटल डाळ दिसली की फाइल अडते. चुनी ढोरांना घातली तरी तीही लिहून ठेवा.

'जीआय आहे, मग सेंद्रिय नाही का?' असंही विचारतात. वायगाव हळद आणि भिवापूर मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. ते मानांकन माल कुठला हे सांगतं, कसा पिकवला हे नाही. दोन्ही हवं असेल तर दोन्हीची कागदपत्रं लागतील.

"दुसरीकडे प्रमाणपत्र महिन्याभरात काढून देतात, तुम्हीच उशीर लावता," असं आम्हाला ऐकवलं जातं. हंगामी पिकाच्या शेताला एनपीओपीत, म्हणजे केंद्राच्या सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात, पेरणीआधी किमान दोन वर्षांचा रूपांतर काळ (साध्या शेतीतून सेंद्रियकडे वळण्याचा काळ) लागतो, संत्र्यासारख्या बहुवर्षीय पिकाला काढणीआधी तीन वर्षं. तो कमी करणं आमच्या हातात नाही. आम्ही प्रमाणपत्र देतही नाही. ते मान्यताप्राप्त संस्था देते आणि तपासणारी संस्था तुमची फाइल बांधून देऊ शकत नाही. आमचं काम फाइल बांधण्याचं. संस्थेची फी तुम्ही थेट संस्थेलाच भरायची, आमच्या हाती द्यायची नाही. टीसी नसेल तर आम्ही काम घेत नाही, यावरून काही जण नाराज होतात. पण न टिकणाऱ्या फाइलचे पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

सगळ्यांना एवढ्या खटाटोपाची गरजही नाही. वार्षिक उलाढाल 12 लाखांच्या आत असलेला लहान उत्पादक स्वतःचा माल थेट खाणाऱ्याला विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. फक्त 'जैविक भारत'चा लोगो वापरता येत नाही. देशातच विकायचं असेल तर पीजीएस-इंडियाचा मार्ग (यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात) स्वस्त पडतो. तो निर्यातीला मात्र चालत नाही. तुम्हाला यातलं काय लागू पडतं ते आम्ही एका बैठकीत सांगतो. प्रमाणपत्र लागत नसेल तर तसंही सांगतो.

पाकिटाबद्दल एक विनंती. मिश्र मसाल्यात पाणी आणि मीठ सोडून किमान 95 टक्के घटक प्रमाणित असतील तरच 'सेंद्रिय' लिहिता येतं. 'पर्यावरणपूरक', 'इको' असे शब्दही आता पुराव्याशिवाय छापू नका. त्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर 2024 मध्ये आली आहेत. छापखान्यात देण्याआधी डिझाइन आम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवा, बघून देण्याचे पैसे नाहीत.

पहिल्यांदा येताना उद्यम नोंदणी, एफएसएसएआयचा परवाना, मागच्या हंगामाची खरेदीची बिलं आणि असतील त्या टीसी आणा. तुरीचं काम असेल तर दिवाळीआधी या. मिल चालू असताना तपासणी व्हावी लागते, आणि जानेवारीत निरीक्षकाची तारीख लवकर मिळत नाही.