अहो, कलम 17 मध्ये जेल नाहीये

कुठल्यातरी सरांनी पोराला बडवल्याची क्लिप फिरायला लागली की पालकांच्या ग्रुपवर तासाभरात तोच मेसेज येतो, "आरटीईनुसार शिक्षकाला 3 वर्षं जेल" (आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा), आणि त्याखाली एखादे रिटायर्ड काका "आम्ही छड्या खाल्ल्या म्हणून माणसात आलो" टाकतात. काकांचं सोडा, पण त्या पहिल्या मेसेजने माझं डोकं फिरतं, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे.

मारायला बंदी आहे हे तुम्हाला माहितीय. आरटीई 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून, कलम 17, शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक छळही नाही, म्हणजे अंगठे धरून उभं करणं पण आलं आणि वर्गासमोर "ढ" म्हणणं पण. पुढे चला.

लोक वाचत नाहीत ते त्याच कलमाचं दुसरं पोटकलम. तिथे एवढंच आहे की जो हे मोडेल त्याच्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. बास. कैद नाही, दंड नाही. म्हणजे हे सगळं प्रकरण नोकरीचं आहे. झेडपीचा शिक्षक असेल तर त्याचे नियम, खाजगी शाळेत 1977 चा एमईपीएस, म्हणजे खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आणि 1981 ची नियमावली, मग चौकशी समिती, निलंबन, इन्क्रिमेंट रोखणं, फारच झालं तर नोकरी जाणं. पोलीस ठाण्यात जाऊन "कलम 17 लावा" म्हणालात तर हवालदार नुसता तुमच्या तोंडाकडे बघेल.

गुन्हा येतो दुसऱ्या दारातून. साध्या दुखापतीसाठी जुन्या आयपीसीचं (भारतीय दंड संहितेचं) 323, म्हणजे 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं 115(2), 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ते अदखलपात्र, म्हणून एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून कागद हातात देतात आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. हाड मोडलं किंवा दात पडला की ती गंभीर दुखापत, मग प्रकरण 117 पर्यंत जाऊ शकतं, ते दखलपात्र आहे आणि तिथे 7 वर्षांपर्यंत कैद आहे. तीच फूटपट्टी, सपाट बसली तर एनसी, कडेने बसून बोट मोडलं तर एफआयआर.

आणि ते 3 वर्षं? ते 2015 च्या बालन्याय कायद्याचं कलम 75, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने केलेल्या क्रूरतेसाठी. आरटीईचा काही संबंध नाही. काही दीडशहाणे कलम 82 फेकतात कारण त्याच्या मथळ्यातच शारीरिक शिक्षा आहे, पण ते बालगृहांसारख्या संस्थांसाठी आहे, तुमच्या गल्लीतल्या इंग्लिश मीडियमसाठी नाही.

शिक्षकांच्या ग्रुपवर वेगळंच सुरू असतं, "कलम 89 आहे ना, पालकांची संमती असते". हो, ते आयपीसीचं 89, आता न्याय संहितेत 27 झालंय, 12 वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, सद्भावनेने, पालकाच्या संमतीने केलेलं कृत्य. यावर काही शिक्षक कोर्टात सुटलेतही. पण तो फौजदारीतला बचाव आहे, कलम 17 मध्ये संमती हा शब्दच नाही, त्यामुळे कोर्टात सुटलात म्हणून खात्याची चौकशी आपोआप मिटत नाही.

(नववी-दहावीवाले कलम 17 मध्ये बसत नाहीत, ते 14 वर्षांपर्यंतच. न्याय संहितेतल्या दुखापतीच्या कलमांना वयाचं बंधन नाही.)

माझ्या बहिणीच्या पोराची बोटं अशीच सुजली होती. तिने एनसी केली, तर मुख्याध्यापक म्हणाले "आता पोलिसांत गेलात ना, मग आम्ही काय करणार", आणि ती बिचारी गप्प घरी आली. साफ खोटं होतं ते! दोन्ही एकदम चालतं. मी तर म्हणेन आधी शाळेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी तक्रार द्या, त्यात कलम 17(2) असं स्पष्ट लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका, शिक्का आणि आवक नंबरसकट.