हजार टन पाणी, एक टन लिथियम कार्बोनेट

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, इम्पिरियल व्हॅलीत, सॉल्टन सी नावाचे आटत चाललेले खारे सरोवर आहे. त्याच्या काठावर भूगर्भातले गरम पाणी उपसून वीज करणारी केंद्रे 1980 च्या दशकापासून चालू आहेत. वाफ टर्बाइनला दिली की उरलेले पाणी दुसऱ्या विहिरीतून परत जमिनीत सोडतात. या पाण्याच्या दर किलोत जवळपास पाव किलो क्षार असतात. समुद्राच्या पाण्यात ते जेमतेम 35 ग्रॅम भरतात. बहुतेक भाग मीठ आणि कॅल्शियम-पोटॅशियमच्या क्लोराइडचा. शिवाय सुमारे दीड ग्रॅम लोह, तितकेच मँगनीज, अर्धा ग्रॅम जस्त आणि 0.2 ग्रॅम लिथियम.

लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2023 मध्ये इथल्या साठ्याचा अंदाज 34 लाख टन लिथियम असा दिला. आकडा मोठा आहे, पण कारखान्याचा हिशोब 0.2 ग्रॅमपासूनच सुरू होतो. बॅटरीसाठी लिथियम विकले जाते ते बहुतेकदा लिथियम कार्बोनेट या क्षाराच्या रूपात; त्याच्या एका टनात 188 किलो लिथियम असते. पाण्यातले 90 टक्के हाती लागले तरी त्यासाठी सुमारे 1,050 टन पाणी हाताळावे लागते.

हे पाणी शांत बसत नाही. खोलवर ते 300 अंशांच्या आसपास असते आणि त्यात भरपूर सिलिका (वाळूचा मुख्य घटक) विरघळलेली असते. वर येऊन थंड होऊ लागले की घरच्या गीझरच्या कॉइलवर क्षार धरतात तशी सिलिका लोहासकट पाइपांत थर धरते. म्हणून केंद्रांत मोठ्या टाक्यांमध्ये आधीचा सिलिकेचा गाळ थोडा परत मिसळतात. नवी सिलिका पाइपाला धरण्याऐवजी त्या कणांवर बसते आणि खाली साचते. काही ठिकाणी आम्ल घालून ती विरघळलेलीच ठेवतात. गाळात शिसे, आर्सेनिक असू शकते, त्यामुळे त्याच्या विल्हेवाटीचाही खर्च असतो.

लिथियम वेगळे करायचे ते याच पाण्यातून. सर्वात पुढे असलेली पद्धत अशी: अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे थर असलेले दाणे उभ्या नळकांड्यात भरायचे आणि गाळ काढलेले गरम पाणी त्यातून सोडायचे. लिथियम क्लोराइड थरांमध्ये शिरते, सोडियम-कॅल्शियम बहुतांशी पुढे निघून जातात. मग गोड्या पाण्याने दाणे धुतले की लिथियम सुटते. इथे एक मेख आहे. धुण्याचे पाणी अगदी शुद्ध असेल तर थरांमधले लिथियम गरजेपेक्षा जास्त निघते आणि दाण्यांची रचनाच ढासळते; म्हणून त्या पाण्यात थोडे लिथियम आधीच ठेवावे लागते. मँगनीज ऑक्साइडचे दाणे जास्त लिथियम धरतात, पण ते आम्लाने धुवावे लागतात आणि प्रत्येक वेळी त्यांतले थोडे मँगनीज विरघळून जाते.

दाणे किती धुण्या टिकतात, यावर सगळे अर्थकारण उभे आहे. समजा एक किलो दाणे एका फेरीत, म्हणजे एकदा भरून धुतल्यावर, 5 ग्रॅम लिथियम देतात. हजार फेऱ्या टिकले, तर एक टन कार्बोनेटमागे सुमारे 38 किलो दाणे खर्ची पडतील. शंभरच फेऱ्या टिकले, तर 376 किलो. दिवसाला पाच फेऱ्या धरल्या तर हजार फेऱ्यांना 200 दिवस लागतात. दोन आठवड्यांच्या चाचणीत सत्तरच फेऱ्या होतात; त्यावरून यातले काहीच कळत नाही.

म्हणूनच संशोधनाचा पैसा कुठे जातो याला महत्त्व आहे. प्रयोगशाळेत मीठ विरघळवून केलेल्या पाण्यात चालणारा नवा दाणा शोधणे तुलनेने स्वस्त पडते. विहिरीचे पाणी कॅनमध्ये भरून आणले तरी भागत नाही: ते थंड होते, सिलिका साकळते, हवा लागून लोहाचा तांबूस साका बसतो, आणि चाचणी वेगळ्याच पाण्यावर होते. खरी परीक्षा चालू केंद्राच्या पाइपला फाटा काढून, गरम आणि हवाबंद पाण्यावरच होते. केंद्रचालक त्याला सहज तयार होत नाही, आणि त्याचे बरोबर आहे. फाट्यातून परतलेल्या पाण्यात बारीक कण राहिले, तर परतीची विहीर तुंबते आणि वीजनिर्मितीलाच फटका बसतो.

या आधी ठेच लागलेली आहे. 2002 मध्ये इथेच वर्षाला 30,000 टन जस्त काढण्यासाठी सुमारे 20 कोटी डॉलरचा कारखाना उभा राहिला. तांत्रिक अडचणींतून तो सावरला नाही आणि 2004 मध्ये बंद झाला. त्या मानाने सार्वजनिक निधी लहान आहे. कॅलिफोर्निया एनर्जी कमिशनने 2020 मध्ये लिथियमच्या एका प्रात्यक्षिक प्रकल्पाला 60 लाख डॉलर दिले. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2021 मध्ये 40 लाख डॉलरची स्पर्धा जाहीर केली. 2022 मध्ये गगनाला भिडलेले लिथियमचे भाव 2024 पर्यंत कोसळले. अशा काळात खासगी पैसा आधी आखडतो. 200 दिवसांच्या कंटाळवाण्या चाचणीचा, फाट्याचा आणि तुंबलेल्या विहिरीच्या भरपाईचा खर्च अनुदानातूनच यायला हवा. धुण्याला लागणाऱ्या गोड्या पाण्याचा हिशोबही अर्जातच मागावा, कारण इम्पिरियल व्हॅलीला ते फक्त कोलोरॅडो नदीतून मिळते.

आपल्याकडे लडाखमधल्या पुगा खोऱ्यात, सुमारे 4,400 मीटर उंचीवर, भूऔष्णिक विजेसाठी ओएनजीसीने 2021 मध्ये करार केला. तिथल्या झऱ्यांच्या काठी टाकणखार आणि गंधक साचते, सिलिकेच्या थरांत सीझियम सापडते. पुगाचे पाणी सॉल्टन सीसारखे घट्ट खारे नाही, त्यामुळे सॉल्टन सीचे तंत्र जसेच्या तसे उचलता येणार नाही. पण पहिल्या विहिरीच्या पाइपलाच व्हॉल्व्हसह एक फाटा आणि गरम पाण्याचा नमुना दाबाखाली घेण्याची सोय ठेवली, तर पुढच्या संशोधकाला चालू केंद्र थांबवून पाइप कापावा लागणार नाही.