श्वान-आज्ञापालन

श्वान-आज्ञापालन : ठरावीक शब्द, हातवारा वा शिटी यांवर कुत्र्याने ठरावीक कृती करावी आणि जागा, माणसे वा आसपासची ओढ बदलली तरी ती करावी, यासाठी दिले जाणारे शिक्षण. बसणे, पडून राहणे, जागेवर थांबणे, हाकेला येणे, तोंडातील वस्तू सोडणे व शिक्षकाच्या डाव्या पायाला लागून चालणे ही त्याची पायाभूत अंगे होत.

या शिक्षणाचा उगम किती मागे न्यावा याविषयी एकमत नाही. झेनोफनच्या नावावर असलेल्या शिकारविषयक ग्रीक ग्रंथात (इ. स. पू. चौथे शतक) कुत्र्याचे नाव हाक मारायला सोपे, म्हणून आखूड असावे असे सांगून चाळीसहून अधिक नावे दिली आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात कुत्री बाळगणारे शिकारी ‘श्वगणिन्’ म्हणून येतात, तर तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात (सु. ११३०) सारमेयविनोद हे प्रकरण आहे. तथापि आजच्या आज्ञापालनाची वंशावळ थेट या ग्रंथांशी जोडणे धाडसाचे ठरेल. तिचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील पोलीस-कुत्र्यांपासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. बेल्जियममधील गेंट येथे १८९९ च्या सुमारास असे पथक उभे राहिले. जर्मनीत कॉनरॅड मोस्ट याने सारब्रुकेन येथे पोलीस-कुत्री शिकविली व १९१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरची साधक अभिसंधानाची (कृतीच्या फळावरून ती कृती शिकली जाते, या तत्त्वाची) मांडणी १९३८ ची. तिची बरीच तत्त्वे मोस्टच्या पुस्तकात आधीच आढळतात, म्हणून काही अभ्यासक आद्यत्वाचा मान मोस्टला देतात. परंतु फलदायी कृती दृढ होते हा विचार एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून मांडला होता, तोही मोजमापांसह. मोस्टला कुशल पूर्वसुरी म्हणणे पुरेसे वाटते. शिवाय त्याच्या पद्धतीत बळजबरीला मोठे स्थान होते. स्किनरचे विद्यार्थी केलर व मेरियन ब्रेलंड यांनी बक्षिसावर आधारलेली पद्धत १९४० च्या दशकापासून व्यवसायात आणली. कुत्र्यावर ‘वर्चस्व’ गाजवावे हे मत रुडॉल्फ शेंकेलच्या बंदिस्त लांडग्यांवरील निरीक्षणांतून (१९४७) पसरले. रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे वर्चस्वासाठी झगडणारा जमाव नसून बहुधा आईबाप व त्यांची पिले, असे डेव्हिड मेकने १९९९ मध्ये दाखवून दिल्यावर त्या मताचा आधार खचला.

आज्ञा कळणे आणि ती हमखास पाळली जाणे यांत अंतर आहे. स्वयंपाकघरात ‘बस’ म्हणताच बूड टेकणारा कुत्रा फाटकाबाहेर मांजर दिसले की बहिरा होतो. त्याला आज्ञा त्या फरशीसकट, मालकाच्या हातातल्या बिस्किटासकट कळलेली असते. म्हणून शिक्षक काळ, अंतर व व्यत्यय ही तीन परिमाणे एकेक करून वाढवतो : ‘थांब’ प्रथम एका पावलावर दोन सेकंद, मग दहा पावलांवर, मग मुले चेंडू खेळत असताना. एक वाढवताना बाकीची दोन कमी करतात. आज्ञा एकदाच उच्चारतात. ‘बस, बस, बस’ म्हणणाऱ्याचा कुत्रा तिसऱ्या ‘बस’ची वाट पाहायला शिकतो. कृती झाल्याबरोबर खाऊ देतात, उशीर झाल्यास बक्षीस नंतरच्या हालचालीला लागते. पुढे खाऊ अधूनमधून, अनियमितपणे दिल्यास सवय अधिक टिकते. हाकेला आलेल्या कुत्र्याला रागावणे किंवा लगेच आंघोळीला नेणे ही हाक निकामी करण्याची खात्रीची रीत.

स्पर्धा म्हणून या विषयाला अमेरिकेत हेलेन व्हाइटहाउस वॉकर यांनी १९३३ मध्ये चालना दिली; १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने चाचण्यांचे नियम स्वीकारले.

भारतात मेरठचे लष्करी केंद्र व सीमा सुरक्षा दलाचे टेकनपूर येथील केंद्र प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र पोलिसांचे श्वानशिक्षण पुण्यात गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात चालते. मुंबईत १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात स्फोटके हुडकणारा ‘झंजीर’ हा लॅब्रॅडोर (मृ. २०००) तेथेच तयार झाला. पथकात कुत्रा व त्याचा हस्तक (त्याला हाताळणारा पोलीस) बरोबरीने शिकतात, त्यामुळे आज्ञेचा शब्द व आवाज एकच राहतो. घरी मात्र आजोबा ‘बस’, आई ‘खाली बस’ आणि नातू ‘सिट’ म्हणतो.